'पण'नंतरचे सहा सेकंद

माझं गाणं त्या मुलीच्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हिला ताप आला असावा. अंगात त्राण नसलेला माणूस पाणी मागतो तसा तो आवाज. सोबत एक गिटार, तीही घाबरत घाबरत वाजणारी. व्हिडिओत बाई खिडकीत बसलेल्या, अंगात ढगळ स्वेटर, हातात वाफाळता मग. सोलापुरात वर्षातले किती दिवस स्वेटर लागतो हे तिला कोणी सांगितलं नसावं.

"मामा, तुझं गाणं!" म्हणत भाचीने फोन माझ्या तोंडासमोर धरला होता. ती आनंदाने फुलून आली होती. मी शेवटपर्यंत ऐकलं, फोन परत दिला आणि म्हणालो, "हे माझं गाणं नाही. माझ्या गाण्याचं वर्षश्राद्ध आहे." भाची हिरमुसली. मला वाईट वाटलं नाही. तिच्या पिढीला कुजबुजणं आणि गाणं यातला फरक कोणीतरी सांगायलाच हवा होता.

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'गीत-संगीत : पारंपरिक'. म्हणजे मी मेलो होतो. एवढंच नव्हे, दोन-तीनशे वर्षांपूर्वी मेलो होतो आणि माझं नावही कोणाला माहीत नव्हतं. पारंपरिक माणूस त्या वेळी चाटी गल्लीच्या मागच्या बाजूला बनियनवर बसून मुलांच्या कीबोर्ड क्लासची तयारी करत होता.

गाणं साधं होतं. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत असताना मीच लिहिलं, मीच चाल लावली. निघून जाणाऱ्या माणसाला एक मुलगी सांगते, 'जाशील तर जा, पण दार लोटून जा.' रडत नाही, थांब म्हणत नाही. दार तेवढं लोटून घे, म्हणजे मी पुन्हा बघायला येणार नाही. त्या वयात मला वाटलं होतं की असं कोणी कधी लिहिलंच नाही. आता तसं वाटत नाही, पण त्या खिडकीतल्या बाईपेक्षा मला त्यातलं जास्त कळतं एवढं नक्की.

गायली माझी धाकटी बहीण. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, गल्लीत मराठी, आणि गाताना ती दोन्ही विसरायची. सरळ, मोकळा, नाकाडोळ्यांचे चाळे न करता निघणारा आवाज. तो कुठून आला होता ते तिलाही माहीत नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही.

आमच्या 'स्टुडिओ'चं वर्णन करायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तो म्हणजे एका यंत्रमागाच्या शेडवरची खोली. खाली बारा माग. आवाज अडावा म्हणून आम्ही भिंतींना चादरी ठोकल्या होत्या. विणताना खोट राहिलेल्या, बाजारात न जाणाऱ्या चादरी. कुठे मोराला चोच नव्हती, कुठे फूल अर्धवट. मुंबईचे लोक भिंतींना काय लावतात ते आम्हाला माहीत नव्हतं आणि त्यांना आमच्या चादरी परवडल्या नसत्या. पण चादरी लावून बाहेरचा आवाज अडतो, पायाखालचा नाही. माग चालू झाले की फरशी थरथरायची, टेबलावरचा पेला सरकायचा आणि टेपवर सगळं उतरायचं. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत व्हायचं. रोज अर्धा तास. माग बंद झाले की बटण दाबायचं, चालू झाले की डबे उघडायचे. आमची सगळी कला त्या अर्ध्या तासाची.

म्हणून मी गाणाऱ्यासमोर मनगटावर घड्याळ बांधून उभा राहायचो. हात वर म्हणजे वेळ कमी आहे, बोट गोल फिरवलं म्हणजे चालू ठेव. ही भाषा आमच्या सगळ्या गायकांना पाठ होती.

त्या दिवशी शेवटच्या ओळीत बहीण 'जाशील तर जा, पण' एवढं म्हणाली आणि थांबली. दोन सेकंद. मग म्हणाली, 'दार लोटून जा.' झालं. तीच कॅसेट बाजारात गेली, आणि ती दोन सेकंदं लोकांनी डोक्यावर घेतली. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंतच्या लग्नांत. लोक त्या 'पण'पाशी हातातला घास हातात ठेवायचे. ऑर्केस्ट्रात ते गाणं दर कार्यक्रमाला वन्समोर घ्यायचं. स्टेजवर ते दुसरी गायिका म्हणायची. घरातली मुलगी स्टेजवर कशाला, हे मीच ठरवलं होतं आणि घरात कोणाला त्यावर बोलायची गरज वाटली नव्हती. बहिणीने हे गाणं चार माणसांसमोर एकदाही म्हटलेलं नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं, ती सोलापुरातच दुसऱ्या गल्लीत गेली, आणि ती शाळेचे गणवेश शिवायला लागली. आजही तेच करते.

त्या थांबण्याचं कारण मी शेकडो वेळा सांगितलं असेल. खाली सुट्टी संपली, पहिला माग सुरू झाला, तो खडखडाट ऐकून ती दचकली, मी बोट फिरवलं, ती सावरली. सांगताना मी मागाचा आवाजही तोंडाने काढायचो. लोक खूश व्हायचे. सोलापूरच्या गाण्यात सोलापूरचा माग, याहून चांगली गोष्ट ऑर्केस्ट्रावाल्याला सापडणार कुठे?

तर या बाईंनी ती चूकसुद्धा उचलली होती. 'पण' म्हणून थांबल्या. मी घड्याळ लावलं. सहा सेकंद! आमची चूक दोन सेकंदांची, यांनी ती वाढवून तिप्पट केली, मध्ये एक उसासा घातला आणि खिडकीबाहेर पाहिलं. खाली प्रतिक्रियांचा पूर. 'त्या शांततेत माझं अख्खं नातं संपलं.' 'पणनंतर मी श्वास घ्यायला विसरले.' एकाने लिहिलं होतं, ही शांतता लिहिणारा कवी महान असला पाहिजे. मी तो महान कवी. शांतता मी लिहिली नव्हती बाबा, तिथे डबे उघडायची वेळ झाली होती.

त्या दिवसांत मी भेटेल त्याला ते गाणं ऐकवायचो आणि मनगट पुढे धरायचो. मोजा म्हणायचो. क्लासला येणाऱ्या मुलांच्या आयांनाही सोडलं नाही. एक आई म्हणाली, "सर, छान वाटतंय की पण." तिच्या मुलाला त्या आठवड्यात मी जरा जास्तच स्केल वाजवायला लावल्या.

सगळ्यात जास्त राग यायचा तो बहिणीकडे गेल्यावर. ती दिवसभर शिलाई मशीनशेजारी फोन उभा करून तेच गाणं लावून बसायची. आमचं नाही, त्या तापकरी बाईचं. मी म्हणालो, "तुझं गाणं तुला नको, आणि ही कण्हणारी पाहिजे?" ती हसली नुसती. 'पण' आलं की ती पेडलवरचा पाय उचलायची. मशीन थांबायची, सहा सेकंद खोलीत काही आवाज नसायचा, मग पुन्हा पाय खाली. मला वाटायचं, बिचारीला आता चांगलं-वाईट कळेनासं झालंय.

भाचीने मग जुन्या कॅसेटच्या कव्हरचा फोटो काढून त्या व्हिडिओखाली टाकला. 'हे माझ्या मामाचं गाणं, आणि हा माझ्या आईचा आवाज.' दोन दिवसांत 'पारंपरिक' जाऊन तिथे माझं नाव आलं. मी तीनशे वर्षांनी जिवंत झालो. आणि आठवडाभरात त्या बाईंच्या मॅनेजरचा फोन आला.

मॅनेजर अशा मराठीत बोलत होता की मधूनमधून मला वाटायचं, आपण दातांच्या डॉक्टरकडे आलोय. "सर, सो सॉरी अबाउट द क्रेडिट. ॲक्च्युअली आमचा सोलापूरला शो आहे. मॅमची खूप इच्छा आहे की ओरिजिनल सिंगर स्टेजवर याव्यात. शेवटचं कडवं दोघींनी मिळून. खूप ब्युटिफुल मोमेंट होईल सर."

मी म्हणालो, "माझी बहीण असल्या नाटकांना येत नसते. ती गाते, कण्हत नाही."

"सर, एकदा त्यांच्याशी बोलून..."

"मी बोललो ना आत्ता. तेच तिचं बोलणं." आणि फोन ठेवला.

इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. टपरीवर गेलो आणि सगळ्यांना सांगितलं. एकजण म्हणाला, "लई भारी केलास बे. त्यांना काय, आपली माणसं म्हंजे शोभेच्या बाहुल्या." मी मान डोलावली, दोनदा चहा मागवला. आठ दिवस ते संभाषण मी वेगवेगळ्या ठिकाणी सांगत होतो आणि दर वेळी माझं शेवटचं वाक्य आणखी धारदार होत होतं.

बहिणीला मात्र सांगायचं राहिलं होतं. तीही खूश होईल म्हणून मी तिच्या घरी गेलो. ती निळ्या चड्ड्यांच्या गठ्ठ्यासमोर बसली होती. मी खुर्ची ओढली आणि रंगवून सगळं सांगितलं, मॅनेजरच्या आवाजासकट. ती शिवत होती. 'ती गाते, कण्हत नाही' इथे आलो तेव्हा तिने पेडलवरचा पाय उचलला.

"मला विचारलास का अण्णा?"

"काय विचारायचं त्यात? तू गेली असतीस?"

"गेले असते की," ती म्हणाली. "रोज म्हणालेय मी ते. तिच्यासंगट. पोरीला म्हायती हाय."

मी हसलो. म्हणालो, "अगं, पण तिला त्यातलं काय कळतंय? तुझी चूकसुद्धा उचललीय तिनं. खाली माग सुरू झाला म्हणून तू थांबलीस, आणि ही..."

"माग सुरू झाला न्हवता."

"म्हणजे?"

"कॅसेट ऐक की एकदा. मागाचा आवाज हाय का त्यात कुठं?" तिने हातातला कपडा खाली ठेवला. "मी 'पण' म्हटलं आणि तू घड्याळ बघितलास. सगळं गाणंभर बघत हुतास, पण तवा हात पण वर केलास. मला वाटलं संपलं, थांबायचं. मग बोट फिरवलास. मग म्हटले म्होरलं."

"वेळ कमी होता गं."

"लई हुता. माग नंतर सुरू झाले. मी विचारले तुला, अण्णा, एकदा परत म्हणू का, नीट म्हणते. तू म्हटलास, चालतंय की, जाऊ दे." तिने मशीनशेजारच्या फोनकडे बोट केलं. "ती थांबती तवा तिच्याम्होरं कोण घड्याळ बघत उभं नसतंय. म्हणून ऐकते मी. तिला पाहिजे तेवढं थांबती ती."

हे सगळं ती चढ्या आवाजात म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. मी भांडणात तरबेज आहे. ती सांगत होती ते चहात साखर किती घालायची ते सांगावं तसं. सांगून झालं आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

घरी येऊन मी त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगची मूळ कॅसेट शोधली. क्लासमधला जुना टेप काढला, त्याचं हेड स्पिरिटने पुसलं आणि शेवटचं कडवं लावलं. 'जाशील तर जा, पण.' मग दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत टेपची बारीक सुस्स आहे, बाकी काही नाही. खडखड नाही, थरथर नाही. ओळ पूर्ण होते, कीबोर्ड शेवटचा सूर धरतो, तो विरतो, आणि तरीही खाली सगळं शांत. मी पाच वेळा ऐकलं. गाणं संपल्यावरही अर्धं मिनिट टेप चालू राहिली होती, आणि त्यात अगदी लांबून, माइकपासून दूर, बहिणीचा आवाज होता. शब्द कळत नाहीत, पण प्रश्न विचारल्याचं कळतं. त्यावर माझा आवाज आहे, माइकच्या जवळ, अगदी स्पष्ट. "चालतंय, चालतंय." मग टेप बंद.

मला लाज वाटली. इतकी वर्षं मी तोंडाने ज्या मागाची नक्कल करून लोकांना हसवत होतो तो माग त्या गाण्यात नव्हताच. मी होतो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला मी आपणहून फोन केला. आवाज शक्य तितका मऊ केला. माझा मऊ आवाज ऐकण्यासारखा नसतो. म्हणालो, बहिणीशी बोललो, ती यायला तयार आहे. तो म्हणाला, "ओह सर, आता रन ऑर्डर लॉक झाली. त्या स्लॉटला आम्ही एक लोकल इन्फ्लुएन्सर घेतलीय." मी म्हणालो, एकच कडवं आहे. तो म्हणाला, समजू शकतो सर. मी म्हणालो, तुमच्या मॅमना एकदा विचारा. तो म्हणाला, "सर, मी बोललो ना आत्ता." माझंच वाक्य. माझ्याकडून शिकला असेल किंवा अशा माणसांना ते उपजतच येत असेल. दोन पास मात्र त्याने पाठवले.

शोला आम्ही दोघं गेलो. बहिणीने पोपटी साडी नेसली होती, केसांत गजरा. सभागृह तरुण पोरापोरींनी भरलेलं. स्टेजवर दिव्यांच्या माळा, एक उंच स्टूल, स्टुलाशेजारी कुंडीत खोटं झाड. बाई आल्या. या वेळी स्वेटर नव्हता, सोलापूरने निदान एवढं शिकवलं. "सोलापूर, कसे आहात?" पब्लिक ओरडलं. मग शेंगाचटणीचं कौतुक झालं. ते होणारच होतं, बाहेरचा माणूस इथे आला की त्याला दुसरं काही सुचतच नाही. मग त्या इन्फ्लुएन्सर स्टेजवर आल्या, प्रेक्षकांकडे पाठ करून सगळ्यांसोबत फोटो काढला आणि गेल्या. बहिणीच्या कडव्याच्या जागेवर हा फोटो.

आणि मग बाई म्हणाल्या, "आता एक गाणं, जे आपल्या आज्यांच्या पिढीने जपलं."

माझी बहीण पन्नाशीचीसुद्धा नाही. मी खुर्चीतून उठणारच होतो, पण ती हसत होती. खरंच हसत होती, पदर तोंडाला लावून.

गाणं सुरू झालं. वाईटच होतं. मी माझं मत बदललेलं नाही. मधल्या सुरावटीत दोन ठिकाणी सूर घसरला, 'लोटून'चा ट तिला आजही म्हणता येत नाही, आणि गिटारवाला अजून घाबरतच होता. हे सगळं मनात नोंदवत मी शेवटच्या कडव्यापर्यंत आलो. 'जाशील तर जा,' ती म्हणाली, 'पण.'

सगळं सभागृह गप्प झालं. एवढी माणसं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती, आणि मी आयुष्यभर माणसांसमोर वाजवलं आहे. ती थांबली. थांबूनच राहिली. आणि माझं मनगट आपसूक वळलं. खोटं का बोलू, मी सेकंद मोजायला लागलो होतो.

बहिणीने माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. स्टेजकडे बघत तिने शेजारून हात आणला आणि माझ्या मनगटावर ठेवला, बरोबर घड्याळावर. सुईने जून झालेली बोटं. दाबून धरलं नाही, नुसतं झाकलं. ती किती सेकंद होती ते मला माहीत नाही.

मग लोकांनी पुढची ओळ उचलली, सगळ्यांनी एकदम, आणि बहिणीने उचलली नाही. ती थांबली. सगळ्यांचं म्हणून झालं, स्टेजवरच्या बाई वाकून नमस्कार करायला लागल्या, टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांत तिने तिच्या वेळेला, तिला पाहिजे तेव्हा, 'दार लोटून जा' म्हटलं. पूर्ण, सरळ, त्याच आवाजात. माझ्याखेरीज ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिचा हात अजून घड्याळावर होता.